लग्नघराच्या भिंतीवर चार दिवस

यंदाच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतली निम्मी बिऱ्हाडं हिमाचलला गेली, उरलेली आपापल्या गावी गेली आणि मी रबाळ्याला गेले. मी बॅग भरत होते तेव्हा श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, दारात उभा राहून म्हणाला, "खांदेश्वरहून रबाळ्याला जाण्याला प्रवास म्हणत नाहीत वैशाली, हेलपाटा म्हणतात."

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. पण 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे. दर उन्हाळ्यात आम्ही कुठे ना कुठे जातो. बर्फ पाहिलाय, वाळवंट पाहिलंय, हाउसबोटीत बसून मला उलटीही झालेली आहे. पण ज्या खाडीकाठच्या गावांच्या जमिनीवर आमचं हे शहर उभं आहे, त्यातल्या एकाही गावात मी कधी मुक्काम केला नव्हता. रबाळे म्हटलं की सगळ्यांना कारखान्यांच्या शेडच आठवतात. रुळांच्या दुसऱ्या अंगाला, खाडीच्या बाजूला जुनी गावं आहेत आणि तिथे माणसं राहतात, लग्नं करतात, हे आपण रोज गाडीतून बघतो आणि विसरतो. मी गेले त्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही. "नाव छापशील तर पुढच्या लग्नाला सगला गाव तुलाच बोलवंल," असं मला यमुनाआत्याने बजावलं आहे. यमुनाआत्या कोण ते येईलच पुढे.

आधी मी कोण ते सांगते. तळोज्याच्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. माझं काम म्हणजे शेड जुळवणं. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना, त्याला आम्ही 'स्टँडर्ड' म्हणतो, त्याच्या शेजारी आमच्या नव्या बॅचचा पट्टा ओढायचा, वाळवायचा आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून डोळे बारीक करून बघायचं. जुळलं तर पास, नाही तर फेल. नोकरी लागल्यापासून हेच करते आहे, आणि अजून कंटाळा आलेला नाही.

दुसरं सांगायचं ते चित्रांचं. साताऱ्याकडच्या आमच्या गावी मी शेणाने सारवलेल्या अंगणात चुलीतल्या कोळशाने म्हशी काढायचे. शाळेत एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, आणि मग वडिलांनी विचारलं, "आता सायन्सला जातेस की पोटाला चित्रं खातेस?" मी सायन्सला गेले. पण हात काही थांबला नाही. जेवणाच्या सुट्टीत बाद झालेल्या शेडकार्डांच्या मागे मी चित्रं काढते. डब्याचं झाकण माझी रंगाची थाळी. कँटीनचा महाराज, गेटवरचा पिंपळ, डुलक्या घेणारे सुपरवायझर, सगळे माझ्या कपाटात पत्त्यांएवढ्या कागदांवर बसलेले आहेत. कुणाला दाखवायची मात्र माझी छाती होत नाही. कुणी मागे उभं राहिलं की माझी रेघ थरथरते. चित्र एवढंएवढंसं काढलं की हाताखाली झाकता येतं, म्हणून ती सगळी एवढीएवढीशी.

झाकून ठेवलेली ही चित्रं ज्या एका माणसाने पाहिली ती कुंदा म्हात्रे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, आगरी, जन्म आणि सासर दोन्ही खाडीकाठचं. तिच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न ठरलं आणि एप्रिलमध्ये एके दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरी काढायची पद्धत हाय. काढणारे आजोबा आता पोराकडे कल्याणला गेले, हातही चालत नाय त्यांचा. सगळे फ्लेक्स लावतात आता. मना फ्लेक्स नको. तू काढ."

"केवढी भिंत?" मी विचारलं.

कुंदाने लॅबच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मला घास लागला.

गुरुवार

गाडीत खिडकी मिळाली, तासाभरात उतरले, एवढंच प्रवासाचं वर्णन पुरे. रिक्षावाल्याला "लग्नघर" म्हटल्यावर त्याने विचारलं, "कोनचा? तीन हायेत." म्हात्र्यांचं म्हटल्यावर त्याने थेट आणून सोडलं.

गावात शिरताना बाहेरगावी आल्यासारखं काही वाटत नाही. चारमजली इमारती, खाली मोबाइलची दुकानं, जिम. पण गल्ली वळली की एकदम विहीर लागते, पिंपळाला टेकवलेली जाळी लागतात आणि उन्हात पसरलेल्या सुकटीचा वास तुम्हाला हाताला धरून पुढे नेतो. कुंदाचं घर दुमजली, त्याला पुढे जुना ओटा आणि ओट्याच्या बाजूला रस्त्याकडे तोंड केलेली ती भिंत. कुंदाचे यजमान हरेश्वरभाऊ यांनी ती चुन्याने नुकतीच पांढरी करून ठेवली होती. मे महिन्याच्या उन्हात तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि उन्हापेक्षा मला तिच्या आकाराचीच जास्त भीती वाटत होती.

"आयलीस गो?" ओट्यावरून आवाज आला. "हीच काय ती चित्रकारीन? मना वाटला मोठी आसंल."

ही यमुनाआत्या. हरेश्वरभाऊंची मोठी बहीण, गावातच लग्न झालेली, आणि गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायचे असतात, आणि ते म्हणणारी बाई असल्याशिवाय हळदच काय, मांडवाची फांदीसुद्धा हलत नाही. आमच्याकडे गुरुजी उशिरा आले की लग्न खोळंबतं, इथे आत्याबाईंचा आवाज बसला की खोळंबतं. आत्या काळीसावळी, काटक, लुगडं घट्ट कासोट्याचं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने मला वरून खालपर्यंत असं पाहिलं की मी नकळत पदर नीट केला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवटीचं कालवण. भाकरी आमच्या ज्वारीच्या भाकरीची गोरी, नाजूक चुलत बहीण. उकड काढून, पाण्याचा हात लावून करायची. गल्लीतल्या बायका गोल बसून बोलत बोलत भाकऱ्यांची चळत रचत होत्या. निवटी हा मासा खाडीच्या चिखलात राहतो आणि ओहोटीला चिखलावर उड्या मारतो, हे मला दुसरा तुकडा तोंडात असताना सांगण्यात आलं. मी घाटावरची, मटणावर वाढलेली. माशाचा काटा काढायला मला अजून वाचन-लेखनाएवढं लक्ष द्यावं लागतं. पण चव अशी की काटा काढता काढता मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. आत्याने पहिल्यांदा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेने पाहिलं.

संध्याकाळी प्रणाली कामावरून आली. ऐरोलीला एका कंपनीत आहे, गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होतं. मला घेऊन ती सरळ गेटपाशी गेली. कुंदाने कितीही नको म्हटलं तरी तिच्या दिराने हौसेने फ्लेक्स लावलाच होता. त्यावर नवरा, नवरी, मागे हेलिकॉप्टर आणि कोपऱ्यात सगळे काका.

"काकू, यातली मी कोणती ते सांगा," प्रणाली म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं. मुलगी छान गडद सावळी. फ्लेक्सवरची मात्र पावडरच्या डब्यात पडल्यासारखी.

"फ्लेक्सवाल्याने विचारलं पण नाय, गोरी करून टाकली. फोटोवाल्याने केली. परवा पार्लरवाली करणार. टेन्शन नाय, एक दिवसाचं आहे, मी काय भांडत बसणार?" ती हसत होती, पण ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती. "फक्त भिंतीवर तरी मला माझ्याच रंगाची काढा ना. लग्नाच्या दिवशी कुठेतरी मी पण पाहिजे."

"हात्तिच्या!" मी म्हणाले. "मी पोटाला तेच तर करते गं. स्टँडर्ड माझ्यासमोर उभं आहे."

मागून आत्याने ऐकलं होतं. "धवल्यात नवरी गोरीच आसते," ती शांतपणे म्हणाली. "भितीवर पन गोरीच काडतात. आमच्या आजीपासून तसाच हाय."

शुक्रवार

सकाळी मी भिंतीसमोर उभी राहिले. हातात कोळसा, मागे गल्ली. दूधवाला थांबला, पेपरवाला थांबला, शेजारच्या लग्नघरातले पाहुणे ब्रश करता करता येऊन थांबले. पत्त्यांएवढ्या कागदाच्या बाईला हत्ती काढायचा होता, आणि झाकायला हात पुरणार नव्हता.

पहिली रेघ वाकडी आली. दुसरी त्याहून वाकडी. हत्तीची सोंड बघून एका आजोबांनी विचारलं, "मारुती काय?" करायला गेलो गणपती आणि झाला मारुती ही म्हण त्यांना सुचली नसेल, मला मात्र सुचली. मी हसायला लागले, तेही हसले, आणि कशी कोण जाणे, तिथून भीती उतरायला लागली. मोठं चित्र मनगटातून निघत नाही, खांद्यातून निघतं, हे मला या वयात कळलं. दुपारपर्यंत भिंतीच्या दोन टोकांना दोन हत्ती झाले, कलश झाले, वरती गणपती बसला. खाली मी खाडी काढली, होडी काढली आणि चिखलावर उडी मारणारी एक निवटी काढली. ती बघायला गल्लीतल्या बायका भाकऱ्या टाकून आल्या.

रंगांची गंमत सांगायला हवी. मी घरून चांगले तयार रंग आणले होते. हरेश्वरभाऊंनी ते बघून मान हलवली. "चुन्याच्या भिंतीवर ह्ये धरनार नाय ताई. आजोबा गेरू, पिवडी, काजळी घ्यायचे आन पांढऱ्यासाठी चुनाच. डिंकाचं पाणी घालायचे." पाहुण्याने यजमानाचं ऐकावं. मी डिंक भिजवला.

नवरा-नवरी मी शेवटी ठेवली होती. नवऱ्याचा फोटो बघून काढला, तो बिचारा कसाही निघाला तरी चालणार होता. नवरीसाठी प्रणाली कामावरून आल्याबरोबर माझ्यासमोर हात पुढे करून बसली. उन्हं कलली होती. मी वाटीत गेरू घेतला, किंचित काजळी, पिवडीची चिमूट, चुना. बोटावर घेऊन तिच्या मनगटाशेजारी धरला. थोडी काजळी. परत धरला. आणि मग तो क्षण आला, जो लॅबमध्ये मला अजूनही रोज आवडतो. दोन रंगांमधली सीमा नाहीशी झाली. प्रणाली नुसतं "ओ..." म्हणाली. मी भराभर चेहरा भरला, गळा भरला, हात भरले. हळूहळू अंधारायला लागलं, कुंदाने चहा आणला, सगळ्यांनी वा वा केली. मी ती वा वा पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे पोटभर ऐकली आणि झोपायला गेले.

शनिवार

सकाळी जाग आली ती बायकांच्या कलकलाटाने. ओट्याखाली दहाबारा जणी जमल्या होत्या आणि आत्या मधोमध उभी होती. मला बघताच तिने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली.

"शानी हाय गो तुजी मैत्रीन," ती कुंदाला म्हणाली. "आयकला माजा."

मी भिंतीकडे पाहिलं. रात्रीत नवरी गोरी झाली होती. गोरी म्हणजे अगदी फ्लेक्सएवढी.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि आता हसू येतं तसं तेव्हा मुळीच आलं नाही. चुना ओला असतो तोवर पाण्यासारखा पारदर्शक असतो, वाळताना पांढरा होत जातो. ओल्या वाटीत जुळलेला रंग वाळल्यावर कितीतरी फिका पडतो. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलगी आली की मी तिला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच शिकवते, की वाळल्याशिवाय शेड बघायची नाही. आणि मीच, कौतुकाने फुगून, ओल्या रंगाला पास करून झोपले होते.

प्रणाली केस बांधत बाहेर आली. तिने भिंतीकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छान झालंय काकू," ती म्हणाली आणि आत गेली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी आत्याच्या दबावाला बळी पडले असं तिला वाटलं होतं, आणि तिने तेही फ्लेक्ससारखंच, एक दिवसाचं म्हणून, गिळलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी तिच्यामागे आत गेले आणि चुन्याचं सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "असू दे काकू. सगळे खूश आहेत."

तेच तर होतं. सगळे खूश होते. मी गप्प बसले असते तर लग्न गोडीगुलाबीत पार पडलं असतं आणि माझं नाव गल्लीत गाजलं असतं. पण फेल बॅचवर पासचा शिक्का मारून मला झोप कशी यायची? मी हरेश्वरभाऊंकडून घराला दिलेल्या डिस्टेंपरची उरलेली बादली मागून घेतली, चुना बाजूला सारला आणि नवा रंग कालवायला बसले.

बाहेर येऊन मी भिंतीच्या कडेला रंगाचा पहिला पट्टा ओढला.

"काय करतंस गो?" आत्या ओरडली. "चांगली नवरी इस्कटतंस?"

"आत्या, काल माझी शेड चुकली. नवरी तिच्या रंगाची झाली नाही. ती दुरुस्त करते आहे." माझा आवाज कापत होता, पण हात कापत नव्हता, याचं मलाच नवल वाटलं.

"म्हंजे काली करनार?"

"प्रणालीसारखी करणार."

आत्याने पदर कमरेला खोचला. "कर. मंग हलद पन तूच लाव आन धवले पन तूच बोल. मी नाय येनार." आणि ती चालती झाली. चहा अर्धाच ठेवून गेली. त्या घरात हे वाईट लक्षण समजतात, हे मला बायकांच्या तोंडांवरून कळलं.

कुंदा माझ्याजवळ आली. ती रडायच्या बेतात होती. संध्याकाळी हळद, पाचशे माणसांचं मटण चढलेलं, आणि धवलारीण रुसलेली. "वैशाली, असू दे ना गो गोरी," ती हळूच म्हणाली. "आत्या नाय आली तर हळद लागायची कशी? भिंत काय, पावसात धुवून जाणार."

कुंदा माझी मैत्रीण. तिच्या घरी मी पाहुणी. मी ब्रश वाटीत ठेवला आणि दाराकडे पाहिलं. प्रणाली तिथे उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"तू सांग गं," मी म्हणाले. "भिंत तुझी, लग्न तुझं."

तिने आईकडे पाहिलं. मग चपला न घालताच खाली उतरली, बाही वर केली आणि हात उलटा करून भिंतीला टेकवला.

"मॅच करा काकू."

मग आम्ही काम केलं. पट्टा ओढायचा, वाळवायचा, हाताशेजारी बघायचा. वाळवायला पार्लरवालीने आपला केसांचा ड्रायर दिला. ती आली होती नवरीला उजळवायला, आणि एक्स्टेन्शन बोर्ड ओढून उभी राहिली नवरीचा रंग वाळवत. एक पट्टा पिवळा गेला, एक लाल गेला, एक जांभळट. गल्लीतल्या बायका आधी दुरून बघत होत्या, मग जवळ आल्या, मग त्यांना राहवेना. "अजून वाईच गेरू घाल," "नाय गो, ह्यो बराबर," अशी माझी लॅब भर रस्त्यावर भरली. इतकी माणसं माझ्या पाठीवर कधी उभी राहिली नव्हती. शेवटी एका पट्ट्यावर प्रणालीने हात ठेवला आणि हात कुठे संपतो ते दिसेना. या वेळी मी वाळल्यावरही दोनदा पाहिलं. कुंदाने मान वळवून डोळे पुसले आणि म्हणाली, "भर आता. आत्याचं मी बघते."

चेहरा भरून झाला तेव्हा भिंतीवर खरोखरच प्रणाली उभी होती. डोक्याला बाशिंग, खाली खाडी, पायाशी निवटी.

शनिवार, संध्याकाळ

पाहुणे आले, मंडपात बाजेवाले येऊन आवाज तपासायला लागले, मटणाचा वास खाडीपर्यंत गेला. आत्या काही आली नव्हती. कुंदा दोनदा बोलवायला जाऊन आली. हळदीची परात तयार, नवरी पाटावर बसलेली, आणि सुरुवात कुणी करायची ते कळेना. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, मीही त्यांच्याकडे बघत नव्हते. आमच्याकडे असतं तर कुणीतरी मोबाइलवर गाणं लावून हळद उरकून घेतली असती. इथे कुणाच्या मनातही ते येत नव्हतं.

आणि आत्या आली. नवं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी. कुणाशी बोलली नाही. या घरची रीत अशी की खऱ्या नवरीच्या आधी भिंतीवरच्या नवरीला हळद लावायची. तिने आंब्याच्या पानावर हळद घेतली आणि ती भिंतीपाशी गेली. ती आता सगळं पुसून टाकते की काय, असंच मला वाटलं.

मग तिने पान खाली ठेवलं, बांगड्या मागे सारल्या आणि आपलं मनगट भिंतीवरच्या नवरीच्या गालाला लावलं. हात आणि गाल एक झाले. भाची आत्यावर गेली होती. इतक्या दिवसांत आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी जवळच होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माज्या लग्नान सासरच्या भितीवर गोरीपान बाय काडलेली. मी वरातीतून उतरली नं पयली ती बगली. मना वाटला, ह्यांना हीच पायजे व्हती, न मी आयली." मनगट मागे घेत म्हणाली, "लय दिस त्या भितीच्या बाजूनं जायला लाज वाटं मना. पावसात धुवून गेली तवा बरा वाटला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही. मग तिने पान उचललं, नवरीच्या दोन्ही गालांना, हातांना, पायांना हळद लावली, वळली आणि मंडपात जाऊन जो आवाज लावला, तो ऐकून बाजेवाले आपोआप गप्प झाले. मी घाटावरची, मला धवळ्यातले शब्द काही धड कळले नाहीत. पण प्रणाली पाटावर बसून मान खाली घालून हसत होती आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, तेव्हा आत्याने त्यात नक्की काहीतरी बदललं असणार.

त्यानंतर मलाही नखशिखांत हळद फासण्यात आली आणि नाचायलाही लावण्यात आलं. त्याचं वर्णन श्रीकांतने व्हिडिओ पाहून केलं आहे, ते मी इथे देत नाही.

रविवार

लग्न झालं. प्रणाली उरणच्या बाजूला सासरी निघाली तेव्हा गाडीत बसण्याआधी भिंतीपाशी आली, फ्लेक्सकडे पाठ करून स्वतःच्या शेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, "काकू, फोटो काढा." मी काढला. दोघी सारख्याच रडवेल्या आणि सारख्याच सावळ्या.

दुपारी घर रिकामं झालं. मंडपवाले खुर्च्या रचत होते, कुंदा भांड्यांच्या ढिगाऱ्यात बसली होती. मी ब्रश धुवून बॅग भरत होते. शिल्लक रंग वाटीत ओल्या फडक्याखाली झाकलेला होता, तो फेकून द्यावा की ठेवावा या विचारात होते. तेवढ्यात बाहेर खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला.

यमुनाआत्याने खुर्ची बरोबर भिंतीसमोर मांडली होती. कालचंच हिरवं लुगडं, वेणी जरा सुकलेली.

"नवरीच्या बाजूला जागा हाय," ती म्हणाली. "कलवरीची. थय मना काड."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. नव्हती करत. पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून ती फोटोला बसतात तशी ताठ बसली होती. मी बॅग खाली ठेवली आणि नवा रंग कालवायला गेरूची पुडी सोडायला लागले.

"नवा कशाला? ह्यो हाय ना," असं म्हणून तिने वाटीवरचं फडकं उचललं आणि मनगट वाटीशेजारी धरलं.

मी तोच रंग घेतला. तोंड, गळा, करवलीचे दिवा धरलेले हात. गाडीची वेळ निघून जात होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. श्रीकांतचा फोन आला, मी घेतला नाही. शेवटी कुंकू रेखून मी मागे सरले आणि म्हणाले, "झालं आत्या, बघा."

आत्या उठली नाही. खुर्ची सावलीत सरकवून ती पुन्हा नीट बसली.

"ओला हाय आजून," ती म्हणाली. "तू जा गो तुज्या घरी. मी बसतंय हितं. सुकल्यावर बगंन."